मैदानावरचा हक्क

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलायला सांगितले होते. मी विषय थोडा वळवून घेतला, आणि त्याला कारण एक तक्ता आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमाईची ताकद किती टक्क्यांनी घटली, याचा त्यात हिशेब. अंगठा गेला तर 30 टक्के. हा तक्ता मी 30 वर्षे खिशात बाळगला, त्याच्या जोरावर भांडलो, घरोघर पैसे पोहोचविले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु पाय गेलेल्या माणसाला पोहावेसे वाटते, गड चढावासा वाटतो, याला त्या तक्त्यात रकाना नव्हता. आणि खरे सांगायचे तर माझ्या डोक्यातही नव्हता.

श्रोतेहो, दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाठीचा कणा मोडलेला माणूस डॉक्टरांच्याही लेखी जवळजवळ मेलेलाच असे. अंथरुणावर पडून अंगाला जखमा व्हायच्या, मूत्रमार्गात दोष शिरायचा, आणि बहुतेक जण थोड्या महिन्यांत दगावायचे. लुडविग गुटमन नावाचा एक ज्यू मज्जारोगतज्ज्ञ 1939 साली हिटलरच्या जर्मनीतून कुटुंबासह इंग्लंडला आला. 1 फेब्रुवारी 1944 रोजी एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात त्याच्या हाताखाली अशा रोग्यांचा विभाग उघडला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रोग्याची कूस बदलायची हा त्याचा नियम. त्यात जादू कसली? शिस्त होती. माणसे जगू लागली. मग प्रश्न आला, जगून करायचे काय? काही जण चाकाच्या खुर्चीत बसून काठ्यांनी पोलोसारखा खेळ खेळू लागले. गुटमनने ते पाहिले, आणि खेळ हा उपचाराचाच भाग करून टाकला.

29 जुलै 1948 रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर 16 जणांनी, 14 पुरुष आणि 2 स्त्रिया, धनुष्यबाणाची स्पर्धा खेळली. धनुष्यच का? ते ओढताना खांदे, दंड आणि पाठ बळकट होतात, आणि पाय लुळे असलेल्याचा सारा तोल त्यांवरच असतो. 1952 मध्ये हॉलंडचे जायबंदी सैनिक आले. 1960 साली रोमला 23 देशांचे सुमारे 400 खेळाडू जमले. गंमत अशी की त्यांना राहायला दिलेल्या इमारती खांबांवर उभ्या केलेल्या होत्या. वर जायला जिने. जगभरातून आलेल्या या खेळाडूंना इटलीचे शिपाई खुर्चीसकट उचलून वरखाली नेत होते. शिपायांनी ते काम चांगले केले असेल. परंतु तिथे अडचण खेळाडूच्या पायात होती की जिन्यात, याचा विचार आपण करावा.

कोणी म्हणेल, मैदानाचे ठीक, डोंगराचे काय? जेफ्री विनथ्रॉप यंग या इंग्रज गिर्यारोहकाचा डावा पाय 1917 साली इटलीच्या आघाडीवर गेला. खडकासाठी एक तळ, बर्फासाठी दुसरा, असा कृत्रिम पाय जोडून तो 1928 साली आल्प्समधल्या मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोचला. मोठीच हिंमत! पण हा गृहस्थ सरदार घराण्यातला. त्याला वाटाडे परवडत होते, वेळही होता. खाणीत दरड कोसळून कंबर मोडलेल्याने कुठे जावे? अमेरिकेतील कोळसा-खाणकामगारांच्या संघटनेने 1946 साली करार करून कल्याणनिधी मिळविला, आणि डोंगरदऱ्यांतल्या झोपड्यांत वर्षानुवर्षे खिळून पडलेले आपले सभासद हुडकून त्यांना आगगाडीने दूरच्या पुनर्वसन-केंद्रांत पाठविले. हे मी वाचले तेव्हा मला आमच्या युनियनची लाज वाटली.

आपल्याकडचे नाव मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले, सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून शरीर जायबंदी झाले. पोहण्याकडे ते वळले ते उपचार म्हणून. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली 2018 साली, म्हणजे 46 वर्षांनी. दरम्यान सरकारदरबारी अपंगांचे दिव्यांग झाले. 2016 चा कायदा आला, आणि त्यांना खेळात भाग घेता यावा अशी व्यवस्था करणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. नाव बदलायला खर्च येत नाही; उताराला सिमेंट लागते.

आमच्या एका सभासदाच्या पायावर क्रेनवरचा माल पडला, पाय गुडघ्याखाली गेला. भरपाई मिळाली. महिन्याभराने तो म्हणाला, "साहेब, मला तलावात उतरायचंय." लहानपणी विहिरीत सूर मारणारा गडी! मी त्याच्याबरोबर गेलो. तलावाला उभी लोखंडी शिडी, तीही गुळगुळीत. काठाला कठडा आणि एका कोपऱ्यात उतरता रस्ता करावा, असा अर्ज आम्ही दिला. खिडकीतला कारकून म्हणाला, हा विषय क्रीडा खात्याचा नव्हे, समाजकल्याणाचा. समाजकल्याणवाल्यांनी परत त्याच खिडकीकडे बोट दाखविले. अर्जाला आता दोन पावसाळे झाले. पठ्ठ्या मात्र दर रविवारी सकाळी जातो. खात्यातले दोघे त्याला काखेत धरून काठावरून पाण्यात सोडतात, आणि मग तासभर त्याला कोणाची गरज लागत नाही.