पॉवर अ‍ॅम्प्लिफायर (सार्वजनिक ध्वनिव्यवस्था)

मायक्रोफोन किंवा मिक्सरकडून आलेला क्षीण विद्युतसंकेत स्पीकरचा पडदा हलवण्याइतका जोरकस करणारे यंत्र. परिभाषेत ‘शक्तिप्रवर्धक’, हा शब्द छापील पानाबाहेर क्वचितच भेटतो. साउंडवाल्यांच्या तोंडी ‘अ‍ॅम्प्ली’ किंवा नुसते ‘मशीन’.

कंधार परिसर : नांदेड जिल्ह्यातील मन्याडकाठच्या या तालुक्यात लग्नसराई, हरिनाम सप्ताह, हाजी सय्याह दर्ग्याचा उरूस आणि शेजारच्या लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, या यंत्राच्या कामाच्या जागा. सप्ताहाला कर्णे आणि मिरवणुकीला बेस-टॉप अशा दोन पद्धती बिछायत केंद्रात शेजारी शेजारी नांदतात.

लाइन पद्धत : मंदिरातले कीर्तन गावाच्या टोकाच्या वस्तीवर ऐकू जाते ते हिच्यामुळे. अशा मशीनच्या पाठीवर ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट असे स्क्रू असतात. कर्णा दूर असेल तर १०० व्होल्टचा स्क्रू घ्यावा व प्रत्येक कर्ण्याच्या युनिटआधी लाइन ट्रान्सफॉर्मर बसवावा. व्होल्टेज चढवून वीज लांब नेण्याची ही युक्ती डीपीवर येणाऱ्या तारांचीच. हिशेब निव्वळ बेरजेचा : ३० वॉटचे चार कर्णे म्हणजे १२० वॉट, ते १०० वॉटच्या मशीनवर चढवू नयेत. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५० मीटर ओढली तर जाऊन-येऊन तिचाच रोध सुमारे ०.८ ओहम भरतो. ४ ओहमच्या स्पीकरला तीतून सुमारे ३० टक्के शक्ती कमी पोचते. १०० व्होल्टच्या लाइनवर मात्र १०० वॉटचा भार १०० ओहमचा असल्याने तोटा नगण्य. कर्ण्याला बेस मानवत नाही. बेसचा नॉब उतरवल्याशिवाय पखवाज चढवला तर युनिटची पातळ डायफ्रॅम फाटते, आणि उरलेले कीर्तन खरखरत ऐकावे लागते.

थेट जोडणी : ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम, चार जोडल्या की २. मशीनची किमान मर्यादा पाठीवरच्या पाटीवर असते. ब्रिज जोडणीत (दोन्ही चॅनेल एकाच भाराला जोडल्यास) ती सहसा दुप्पट धरावी. ‘अजून एक पेटी लावा की’ हा यजमानाचा आग्रह इथेच महागात पडतो. ५०० वॉटचे १००० वॉट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, हे त्याला पटत नाही. पेट्यांचे लाल-काळे टोक एकसारखे हवे. शंका आल्यास वायर मशीनमधून काढून बेसच्या पेटीला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक लालला असता कागदी शंकू बाहेर येतो. एक पेटी उलटी असली की बेस मंडपाच्या मधोमध गायब होतो. ८ ओहमवर १००० वॉट म्हणजे स्क्रूवर सुमारे ८९ व्होल्ट. चालू मशीनच्या मागे हात घालू नये. डीजेच्या भिंतींचा विचार येथे केलेला नाही.

चालवण्याचा क्रम : आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्ली, बंद करताना उलट. क्लिपचा लाल दिवा एखाद्या टाळीला लुकलुकला तर चालते, पण तेवतच राहिला तर कॉइल तापते. मशीन स्पीकरच्या वॉटपेक्षा मोठे असावे की बरोबरीचे, याविषयी जाणकारांत एकमत नाही.

वीजपुरवठा : जनरेटर स्थिरावल्यावरच मशीन जोडावे. हमिंग जावे म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा प्रघात जीवघेणा आहे. मिक्सर व अ‍ॅम्प्ली एकाच बोर्डावरून चालवणे आणि मधली तार बॅलन्स्ड घेणे (एक्सएलआर पिनांत १ क्रमांक जाळीचा, २ व ३ संकेताचे) हा त्यावरचा उपाय. दिंडीत काही मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात.

कायदा : ध्वनिप्रदूषण नियम, २०००. लेखी परवानगी आवश्यक. रात्री १० ते सकाळी ६ बंदी, सवलतीचे मोजके दिवस सोडून. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल.

देखभाल : पंख्याच्या जाळीतली धूळ झटकावी.