हलवा, कोम्पेइतो आणि ऋतूचे नाव

जपानी मिष्टान्नाविषयी लिहिताना तेथील हलवाई पंचांगाकडे न पाहता झाडाकडे पाहतो, असे कौतुकाने सांगण्याची प्रथा पडून गेली आहे. वसंतात चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेली साकुरामोची, ५ मेला ओकच्या पानातील काशिवामोची, आणि क्योतोत ३० जूनला खावयाची, बर्फाच्या तुकड्याची आठवण देणारी त्रिकोणी मिनाझुकी, ही उदाहरणे नेहमीची होत. पण त्यांतील दोन तारखांनी बांधलेली आहेत, हे कोणी लक्षात घेत नाही. जपानने १८७३ साली पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली आणि पुष्कळ सण ऋतूपासून सुटले. पीचच्या फुलांचा ३ मार्चचा सण आता बहुतेक ठिकाणी फुलण्याआधीच येतो. मिष्टान्न तारखेला होते, फूल मागाहून उमलते. अशा वेळी ऋतू राहतो तो नावात. चहाच्या विधीतील मिठाईला स्वतंत्र काव्यमय नाव असते, आणि ते उच्चारल्यावरच तो गुलाबी वा हिरवा गोळा दवबिंदू किंवा पानगळ होतो. हायकूतील ऋतुवाचक शब्दाचेच हे भावंड. मराठीत शिरीष पै यांनी हायकू रुजविला खरा. पण ऋतुशब्दाचे ते बंधन त्याच्याबरोबर तितक्याच काटेकोरपणे आले असे म्हणवत नाही.

आपल्याकडे मिठाईला असे नाव नसते. तिळगूळ तो तिळगूळच. म्हणून मराठी पक्वान्नाला ऋतू नाही, ते केवळ तिथीचे आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो किती टिकतो, हे पाहावयाचे तर महाराष्ट्रापासून दूर गेलेल्या मराठी घरांकडे जावे. तिथी प्रवाशाबरोबर जाते, हवा जात नाही.

झाशी हे असे एक स्थळ. अठराव्या शतकात नारो शंकर आणि पुढे नेवाळकर यांच्याबरोबर मराठी माणसे तेथे स्थिरावली. १८४२ साली लक्ष्मीबाईंचा विवाह झाला तो तेथील गणेशमंदिरात. राज्य १८५४ साली खालसा झाले, आगगाडी नंतर आली, आणि रुळांपलीकडे सीपरी बाजार वाढला. सीपरी हे शिवपुरीचे जुने नाव. १८५९ साली तात्या टोपे यांना फाशी दिले ते त्याच सीपरीस. पौषात अशा पेठेत तीळ भेटतो तो गजक आणि रेवडीच्या रूपाने, आणि बुंदेलखंडी घरांत संक्रांतीला साच्यात ओतलेले साखरेचे घोडे, म्हणजे घुल्ले, येतात. काटेरी हलवा मात्र मराठी घरातलाच.

तिळाच्या वा खसखशीच्या दाण्यावर मंद आचेवर पाकाचे थेंब सोडीत, हाताने फिरवीत, तासन्‌तास बसावे तेव्हा काटा फुटतो. आणि हवा कोरडी व थंड असल्यावाचून तो नीट फुटत नाही, हे करणाऱ्या बायकांना ग्रंथावाचून ठाऊक असते. संक्रांत सूर्याच्या खऱ्या उत्तरायणापासून तीन आठवड्यांहून अधिक सरकली आहे. थंडी मात्र सरकलेली नाही. झाशीचा हिवाळा तर कोकणातल्यापेक्षा या कामाला अधिक अनुकूल. तिथी मोडकी असली तरी ऋतू येथे पदार्थाच्या काट्यातच आहे, त्याला नाव देण्याची गरज पडलेली नाही.

याच हलव्याचे जुळे भावंड जपानात आहे, हा योग विलक्षण. लुईश फ्रोइश हा पोर्तुगीज पाद्री गोव्यात राहून जपानला गेला; १५६९ साली त्याने ओदा नोबुनागाला काचेच्या पात्रातून 'कोन्फेतो' भेट दिले. त्याचेच कोम्पेइतो झाले : तसाच दाणा, तसाच काटा, मूळचे बीज तिळाचे वा खसखशीचे. दोहोंचे मूळ एकच, असे यावरून ठरत नाही. आणि तसे म्हणण्याची घाई करूही नये. पण भेद लक्षणीय आहे. जपानात ते बाराही महिने चालणारे खाद्य झाले; आपल्याकडे तेच नव्या नवरीच्या आणि तान्ह्या मुलाच्या अंगावर दागिना होऊन वर्षातून एकदा येते. ऋतूचे रसिक म्हणून ज्यांची ख्याती, त्यांनी हा पदार्थ ऋतूतून सोडविला; ज्यांना ऋतूचे भान नाही असे म्हणतात, त्यांनी तो बांधून ठेवला.

या गोष्टींची लेखी साक्ष मराठीत तुटपुंजी आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली संस्कार करून छापला, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली पुढे आणली. तोफांच्या वर्णनासाठी तो सारेच वाचतात. त्यातील झाशीच्या हळदीकुंकवाकडे कोणी थांबत नाही. २१ मार्च १८५८ रोजी ह्यू रोजची फौज झाशीपुढे आली तेव्हा चैत्र लागून गेला होता. हे दिवस मराठी घरांत झोपाळ्यावरच्या गौरीचे, कैरीच्या डाळीचे आणि पन्ह्याचे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहर पडले. गौर उठावयाची ती अक्षय तृतीयेला, आणि अक्षय तृतीया अजून यावयाची होती.