पालकसंघ, धर्मादाय आणि आयकर

1857 च्या उठावाने रिता झालेला खजिना भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी 1860 साली हिंदुस्थानात आयकर आणला. योगायोग असा की संस्था नोंदणीचा अधिनियमही त्याच वर्षीचा. एका कायद्याने सरकारचा हात लोकांच्या मिळकतीपर्यंत पोहोचला, दुसऱ्याने कोणत्याही सात माणसांना लोकहितासाठी संस्था स्थापण्याची मुभा मिळाली. या दोन कायद्यांची पुढे गाठ कशी पडली, याचा विचार मी बेंगळुरूतील काही मराठी पालकांमुळे केला. त्यांच्या मुलांच्या शाळेत पालकसंघ होता. वर्गणी जमे, ग्रंथालयासाठी देणग्याही येऊ लागल्या होत्या. मग देणगीदारांनी करसवलतीची पावती मागितली आणि मंडळी घटनेचा मसुदा घेऊन माझ्याकडे आली.

मसुद्यातला पहिलाच उद्देश होता 'सभासद पालकांच्या पाल्यांचे हित'. मी त्यावर पेन्सिलीने रेघ ओढली. त्यांच्यातील एक ताई म्हणाल्या, "अहो, मग हे सगळं आम्ही करतोय तरी कुणासाठी?"

प्रश्न रास्त होता. करमुक्तीचा इतिहास बराचसा याच प्रश्नाभोवती फिरला आहे. धार्मिक व सार्वजनिक धर्मादाय कामाच्या मिळकतीला 1886 च्या आयकर कायद्यातच सूट होती. धर्मादाय म्हणजे काय, हे 1890 च्या धर्मादाय निधीविषयक कायद्याने सांगितले: गरिबांना साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयुक्ततेचे अन्य कोणतेही उद्दिष्ट. हीच शब्दरचना 1922 च्या आणि मग 1961 च्या आयकर कायद्यात उतरली. (आपले वकील ज्याचा दाखला हटकून देतात तो इंग्लंडमधील पेम्सेल खटल्याचा निकाल 1891 चा. आपली व्याख्या त्याहून एका वर्षाने वडील आहे, याचे मला उगीचच समाधान वाटते.)

या व्याख्येतील 'शिक्षण' शब्दाचा कस लागला तो कर्नाटकातल्याच एका खटल्यात. 'संयुक्त कर्नाटक' हे दैनिक चालवणाऱ्या लोकशिक्षण ट्रस्टने आपले कार्य शैक्षणिक असल्याचे सांगून सूट मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ती नाकारली. वृत्तपत्राने वाचकाचे ज्ञान वाढते खरे, पण कायद्यातले शिक्षण म्हणजे शाळेत मिळते तसे पद्धतशीर शिक्षण, असा तो निकाल होता. त्या कसोटीवर पालकसंघाची सहल आणि स्नेहसंमेलन टिकणे कठीण. शिष्यवृत्ती मात्र निःसंशय टिकते.

आपण मराठी आहोत, केवळ मराठी मुलांसाठी काही केले तर चालेल का, हेही त्यांना जाणून घ्यायचे होते. अहमदाबादच्या राणा ज्ञाती मंडळाच्या खटल्यात 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की लाभ साऱ्या जनतेलाच मिळायला हवा असे नाही, एखादा गट पुरेल. परंतु त्या गटाला बांधणारा धागा सार्वजनिक स्वरूपाचा हवा, कुणा व्यक्तीशी असलेल्या नात्याचा नको. 1961 च्या कायद्याने विशिष्ट धर्मपंथ वा जात यांच्यापुरत्या नव्या संस्थांना दार बंद केले होते. त्या यादीत भाषा नव्हती. थोडक्यात, मराठीपण आड येत नव्हते. आड येत होता तो 'सभासद' हा शब्द.

सभासदांनी सभासदांसाठीच पैसा जमवला तर काय होते, याचे उत्तर याच शहरात मिळते. 1868 मध्ये स्थापन झालेल्या बंगलोर क्लबने आपली शिल्लक स्वतःच्या सभासद असलेल्या बँकांत ठेवली आणि तिच्या व्याजावर कर लागू नये असा दावा केला. स्वतःपासून कुणी नफा कमवू शकत नाही, हे पारस्परिकतेचे तत्त्व त्यामागे होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2013 मध्ये ते व्याज करपात्र ठरवले. पैसा बँकेच्या व्यवहारात शिरला की परस्परांचा राहत नाही. वर्गणीवर चालणारा पालकसंघ या क्लबचा लहान भाऊच म्हणायचा. वर्गणीवर सहसा कर नाही, व्याजावर आहे, आणि देणगीदाराला सवलत मुळीच नाही.

उरला मार्ग अर्जाचा. महाराष्ट्रातून आलेली माणसे आधी धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय शोधतात, कारण 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याची सवय अंगवळणी पडलेली असते. बेंगळुरूत तसे कार्यालय नाही. येथे संस्थेची नोंद 1960 च्या राज्य कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे होते आणि आयकर खात्याकडे अर्ज त्यानंतर करायचा. पूर्वी ही आयकर नोंदणी एकदा मिळाली की कायमची असे. 2020 च्या वित्त कायद्याने तो काळ संपवला: आधी तीन वर्षांची तात्पुरती, पुढे पाच वर्षांची. लहान संस्थांना 2025 मध्ये दहा वर्षांची सोय झाली. त्याच वर्षी संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यासाठी 1 एप्रिल 2026 हा दिवस ठरला आणि त्यात 'नोंदणीकृत ना-नफा संस्था' असे सुटसुटीत नाव आले. व्याख्येचा गाभा मात्र 1890 चाच.

शेवटी मंडळींनी दोन वह्या केल्या. स्नेहसंमेलनाची वर्गणी जुन्या संघाकडे राहिली. ग्रंथालय व शिष्यवृत्तीसाठी वेगळी संस्था करायचे ठरले, आणि शहरातील कोणत्याही शाळेच्या गरजू मुलाला तिचा लाभ मिळेल असे घटनेत लिहिले गेले. संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक सभासदांत वाटली जाणार नाही, हे कलमही त्या ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिले. सातव्या सहीला मात्र वेळ लागला. ते गृहस्थ बराच वेळ मसुदा चाळत बसले होते. त्यांचा मुलगा त्या वर्षी दहावी होऊन शाळेतून बाहेर पडणार होता.