खाणभूमी व राखभूमीचे पुनरुज्जीवन आणि कीटकजीवन

कोळशासारखी ऊर्जाखनिजे काढल्यामुळे अथवा ती जाळून उरलेली राख साठविल्यामुळे नापीक झालेल्या जमिनीवर पुन्हा मृदा व वनस्पती निर्माण करण्याच्या प्रक्रियेस भूमीचे पुनरुज्जीवन म्हणतात. अशी भूमी खरोखर कितपत सावरली, याचे एक विश्वसनीय गमक म्हणजे तेथील कीटकसमुदाय.

जळगाव व धुळे जिल्ह्यांचा प्रदेश मुख्यत्वे बेसाल्ट खडक व तापीचा गाळ यांचा असल्याने तेथे कोळसा सापडत नाही. तथापि भुसावळजवळील दीपनगर येथे १९६८ मध्ये औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि खानदेशाचा विदर्भातील कोळसाक्षेत्रांशी संबंध जडला. खाणीचा खड्डा वर्धा खोऱ्यात, तर राखेचे तळे तापी खोऱ्यात, अशी या उद्योगाच्या हानीची विभागणी झाली.

वर्धा खोऱ्यातील वरोरा येथील सरकारी खाण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरू झाली व १९०६ मध्ये बंद पडली. भूमिगत खाणकामात वरची मृदा बव्हंशी जागेवरच राही. १९७३ मधील राष्ट्रीयीकरण व १९७५ मधील वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना यांनंतर उघड्या खाणींचे प्रमाण वाढले. त्यांत कोळशाच्या थरावरील माती व खडक (अधिभार) उकरून त्यांचे ढिगारे रचले जातात. मृदा दीर्घकाळ ढिगात पडून राहिल्यास तिच्यातील सूक्ष्मजीव, बीजे व कीटक नष्ट होत जातात.

अशा ढिगाऱ्यांवर प्रथम उडून येणारे, ऊन सहन करणारे व खाद्याबाबत चोखंदळ नसलेले कीटक, तसेच काही मुंग्या आढळतात. पालापाचोळा साचू लागल्यावर भुंगेरे व कुजक्या पदार्थांवर जगणारे कीटक येतात. जुन्या वनातील जाती परतण्यास मात्र अनेक दशके लागू शकतात. एकाच जातीची झाडे लावल्यास हिरवळ लवकर दिसते. परंतु विविध वनस्पतींवर अवलंबून असलेले कीटक त्या प्रमाणात येत नाहीत. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सेंद्रिय पदार्थ व उपकारक सूक्ष्मजीव मिसळून अशा भूमीवर झाडे वाढविण्याची पद्धत विकसित केली. मृदा सजीव झाल्याखेरीज लागवड टिकत नाही, हे तिचे मूलतत्त्व होय. ऑस्ट्रेलियात जोनाथन मेजर यांनी बॉक्साइट खाणींच्या पुनरुज्जीवनाचे मोजमाप मुंग्यांच्या साहाय्याने करता येते, असे दाखविले (१९८३).

राखभूमीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राखेत नायट्रोजन व सेंद्रिय कार्बन अत्यल्प असतात, आणि कोरडी राख वाऱ्याने उडून आसपासच्या वस्त्यांना व शेतांना त्रास देते. म्हणून ती मातीने व वनस्पतींनी झाकणे आवश्यक ठरते. उलट, चेक प्रजासत्ताकातील पाहण्यांत राखेच्या उघड्या पट्ट्यांवर वालुकामय जमिनीत घरटी करणाऱ्या दुर्मिळ मधमाश्या व गांधीलमाश्या आढळल्या. त्यांचे नैसर्गिक अधिवास अन्यत्र नष्ट झाल्याने राखेचा आश्रय त्यांना मोलाचा ठरला. लोकांचे आरोग्य सांभाळून काही निर्धोक पट्टे विरळ गवताखाली ठेवणे, हा यातील एक मध्यममार्ग आहे.

भारतात वनसंवर्धन अधिनियम १९८० मध्ये झाला, राखेच्या वापराविषयीची अधिसूचना १९९९ मध्ये निघाली व कोळसा खाणी बंद करण्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली. खाणकाम संपलेल्या भूमीवर पुन्हा गवत उगवण्याची अट खाणपट्ट्यांत घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. कीटकांच्या दृष्टीने ही अट महत्त्वाची आहे. कारण गवताबरोबर नाकतोडे येतात, चरणाऱ्या जनावरांमागून शेणकिडे येतात आणि शेण जमिनीत गाडले जाऊन मृदेचा कस वाढतो. कपाशी व केळी पिकविणाऱ्या खानदेशासारख्या प्रदेशात किडींचे नैसर्गिक शत्रू व परागण करणारे कीटक यांना आसरा देणारी पडीक भूमी शेतीसही उपकारक ठरते. त्यामुळे पुनरुज्जीवनाचे यश जगलेल्या रोपांच्या संख्येवरून न ठरविता परतलेल्या जीवसृष्टीवरून ठरविणे अधिक योग्य होय.