हत्ती स्वस्त, चारा महाग

मंडळी, या शनिवारचा विषय गाड्यांचा आहे. 'गाडी म्हणजे चार चाकं आणि एक पत्रा' असं ज्यांचं मत आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण शेवटी मुद्दा पैशांचाच आहे.

इथे अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या जाहिराती चाळणं हा माझा रात्री जेवणानंतरचा उद्योग. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. २००६ साली नवी असताना सत्तर हजार डॉलरच्या आसपास पडणारी रेंज रोव्हर स्पोर्ट सुपरचार्ज्ड आज बऱ्याचदा सात-आठ वर्षं वापरलेल्या साध्या कोरोलापेक्षा स्वस्त मिळते. आठ सिलिंडरचं इंजिन, ३९० अश्वशक्ती, हवेवर तरंगणारं सस्पेन्शन, चामड्याच्या सीटा.. आणि भाव कोरोलाच्या खाली! माझ्यासारख्या गाडीवेड्याला वाटणारच, की रोज ऑफिसला जायला हीच घ्यावी. कव्हर घालून ठेवायला आणि रविवारी पुसायला नाही, तर अगदी रोज पळवायला.

आता एखादी गोष्ट इतकी स्वस्त का, हा प्रश्न इंजिनिअरला पडलाच पाहिजे. उत्तर शोधायला गेलो तो थेट १८६० सालात पोचलो.

आधी सुपरचार्जर म्हणजे काय ते बघू. इंजिनला पेट्रोल हवं तितकं देता येतं, पण ते जाळायला हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये मावेल तितकीच हवा आपणहून आत येते. जास्त ताकद हवी असेल तर एक तर इंजिन मोठं करा, नाहीतर आहे त्याच इंजिनात हवा कोंबा. हवा कोंबणारा पंप इंजिनच्याच पट्ट्यावर फिरवला की झाला सुपरचार्जर. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर फिरवला की झाला टर्बो. टर्बोला वेग घ्यायला क्षणभर लागतो. सुपरचार्जर पट्ट्याला बांधलेला, त्यामुळे पाय दाबला की लगेच हजर. बदल्यात तो इंजिनची थोडी ताकद स्वतःच खातो. लोहाराचा भाता आठवा, तत्त्व तेच.

गंमत म्हणजे हा पंप आधी खरोखरच भाता होता. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एका डब्यात इंग्रजी आठच्या आकाराचे दोन लोखंडी लोळे, एकमेकांत गुंतून फिरणारे पण एकमेकांना न घासणारे. एका बाजूने हवा घ्यायची, दुसऱ्या बाजूने ढकलायची. लोखंड वितळवण्याच्या भट्ट्यांना हवा फुंकायला हा पंप वापरत. मोटारगाडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती! पुढे १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलरने इंजिनात दाबाने हवा भरण्याच्या कल्पनेचं जर्मनीत पेटंट घेतलं.

कल्पनेला खरी गरज भेटली ती विमानांमुळे. उंचावर हवा विरळ होते, इंजिनचा जीव गुदमरतो. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी यावर बरंच काम केलं आणि तो अनुभव जमिनीवर आला. १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या मांडल्या. त्यात तो सतत चालू नसे. ॲक्सिलरेटर पार खाली दाबला की मगच जोडला जाई. म्हणजे ताकद हवी तेव्हाच वापरा, एरवी इंजिनला त्रास नको.

मग आली बेंटलीची गोष्ट. डब्ल्यू. ओ. बेंटली यांना सुपरचार्जर मुळीच पसंत नव्हता. त्यांचं म्हणणं, ताकद हवी तर इंजिन मोठं करा. पण त्यांच्याच गाड्या शर्यतीत चालवणारा टिम बर्किन ऐकेना. त्याने डॉरोथी पेजेट या श्रीमंत बाईंकडून पैसा उभा केला आणि ॲम्हर्स्ट व्हिलियर्सचा सुपरचार्जर लावून साडेचार लिटरची 'ब्लोअर' बेंटली बनवली. १९३० च्या ल माँ शर्यतीत बर्किनने कारात्सिओलाच्या सुपरचार्ज्ड मर्सिडीजचा जीव खाऊन पाठलाग केला. शेवटी दोन्ही सुपरचार्जरवाले शर्यतीतून बाद. जिंकली कोण? बेंटलीसाहेबांची साधी, मोठ्या इंजिनची 'स्पीड सिक्स'. पण त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये बर्किनने तीच अवजड ब्लोअर पळवून दुसरा नंबर काढला. म्हणजे दोघेही आपापल्या जागी बरोबर. सुपरचार्जर ताकद उसनी देतो, आणि उसनं म्हटलं की परतफेड आलीच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

परतफेड करायची तयारी असेल तर काय होऊ शकतं, ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. स्पिटफायर विमानातलं रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन २७ लिटरचं. सुरुवातीला त्याची ताकद हजार अश्वशक्तीच्या आसपास. स्टॅन्ली हूकर या गणित्याने सुपरचार्जरमधून हवा कशी वाहते यावर काम केलं. १९४२ मध्ये दोन टप्प्यांचा सुपरचार्जर लावलेलं मर्लिन आलं आणि त्याच २७ लिटरमधून दीड हजाराच्या वर अश्वशक्ती निघाली. अर्थात, त्या इंजिनांमागे मेकॅनिकांची अख्खी फौज असायची आणि खर्च सरकारचा. :)

आता दुसरा धागा, खुद्द रेंज रोव्हरचा. १९७० च्या जूनमध्ये ती बाजारात आली तेव्हा आरामगाडी वगैरे नव्हती. दोन दारं, प्लास्टिकच्या सीटा, चिखल झाला तर आतून पाण्याच्या नळीने धुता येईल अशी जमीन. शेतावर जावं, आणि तिथून हमरस्त्यानेही नीट घरी यावं, एवढा साधा हेतू. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफोर्ड या इंजिनिअरांनी तिला मोठ्या हालचालीच्या कॉइल स्प्रिंगा, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि कायम चारही चाकांना जाणारी ताकद दिली. इंजिन होतं साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-एट. तेही मूळचं अमेरिकन! ब्युइकने सोडून दिलेल्या या इंजिनचे हक्क रोव्हरने १९६५ मध्ये घेतले होते. गाडीचं वजन पावणेदोन टनांच्या आत, ताकद सुमारे १३५ अश्वशक्ती.

लोकांनी मात्र ती शेतापेक्षा शहरात जास्त नेली. मग मागणीप्रमाणे गाडी वाढत गेली. १९८१ मध्ये चार दारं, नंतर ऑटोमॅटिक गिअर, १९८७ मध्ये अमेरिकेत विक्री, १९९२ मध्ये हवेचं सस्पेन्शन. यातली एकही गोष्ट उगाच आलेली नाही. हवेच्या सस्पेन्शनमुळे तीच गाडी हमरस्त्यावर खाली बसते आणि दगडधोंड्यात वर उठते. पण प्रत्येक गोष्टीबरोबर वजन आलं, वायर आली, सेन्सर आले, आणि बिघडायला एक नवी जागा आली.

मालकही बदलत गेले. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर घेतली, २००० मध्ये लँड रोव्हर फोर्डला विकली. २००१ च्या शेवटी आलेल्या नव्या रेंज रोव्हरमध्ये इंजिन बीएमडब्ल्यूचं आणि मालक फोर्ड, अशी मजा झाली. फोर्डकडे तेव्हा जॅग्वार होती, आणि जॅग्वारने १९९४ पासून एक्सजेआरमध्ये सुपरचार्जर लावायला सुरुवात केली होती. तिचं ४.२ लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही-एट २००५ मध्ये या गाड्यांत आलं. सिलिंडरांच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत बसलेला सुपरचार्जर हा त्याच रूट्स बंधूंच्या पंपाचा वंशज! गरजही उघड होती. स्पोर्टचं वजन अडीच टनांवर गेलेलं. एवढं धूड जागचं झटकन हलवायचं तर खालच्या आरपीएमलाच जोर हवा, आणि सुपरचार्जर नेमका तिथेच जोर देतो. २००९ मध्ये इंजिन पाच लिटरचं झालं, ताकद पाचशेच्या पुढे गेली.

आणि त्याच्या मधल्या वर्षी, २ जून २००८ ला, टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतल्या. मी तेव्हा शाळेत होतो. बाबा भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनवायचे. त्यांनी त्या दिवशी घरी पेढे आणले होते, जणू करारावर सही त्यांनीच केली. :) २०११ मध्ये पुण्यात फ्रीलँडरची जुळणी सुरू झाली, आणि मे २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की रेंज रोव्हर आणि स्पोर्टचीही जुळणी ब्रिटनबाहेर पहिल्यांदाच भारतात होणार, तीही पुण्यातच.

असो. मूळ प्रश्नाकडे येऊ. ही गाडी इतकी स्वस्त का?

माझं उत्तर असं, की घसारा फक्त किमतीला लागतो, गुंतागुंतीला लागत नाही. सत्तर हजारांची गाडी आठ हजारांवर आली, तरी तिचा एअर कॉम्प्रेसर सत्तर हजारांच्या गाडीचाच राहतो. मेकॅनिकचे तासही तेवढेच लागतात. उलट वयामुळे जास्तच.

उदाहरण बघा. हवेच्या सस्पेन्शनमधले रबरी फुगे जुने झाले की बारीक चिरतात. थोडी थोडी हवा गळते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी जळतो. वेळेवर फुगा बदलला असता तर कॉम्प्रेसर वाचला असता. दुसरं, सुपरचार्जरच्या तोंडाशी एक छोटा जोड असतो. तो झिजला की गाडी उभी असताना खडखड ऐकू येते. भाग लहान, पण तिथपर्यंत पोचायला वरचं बरंच काही उतरवावं लागतं. सुपरचार्जरच्या खाली पाण्याच्या नळ्या जातात, त्या गळायला लागल्या तर अख्खा सुपरचार्जरच काढा. सुरुवातीच्या पाच लिटर इंजिनांत टायमिंग चेनचे ताणक झिजण्याची तक्रार प्रसिद्ध आहे, आणि ते काम छोटं नाही. यातलं काहीही पहिल्या मालकाच्या वॉरंटीत झालं तर किरकोळ. तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे मात्र सगळे हप्ते एकदम वसूल होतात.

आपल्या धंद्यात याला 'टेक्निकल डेट' म्हणतात. जुनं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते सांभाळणारी माणसं फुकट मिळत नाहीत. जाहिरातीत आकडा दिसतो तो गाडीचा. कर्जाचा आकडा कोणी छापत नाही.

मागच्या महिन्यात बाबांना फोनवर हा बेत सांगितला. मला वाटलं, टाटांची गाडी म्हणून खूष होतील. (माझ्या बजेटमधल्या बहुतेक गाड्या टाटांनी घ्यायच्या आधीच्या आहेत, हे मी हळूच गाळलं.) त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "केवढ्याला मिळते ते सोड. वर्षाला केवढ्याला पडते ते सांग."

मग बसून हिशोब मांडला. शहरात गाडी लिटरला जेमतेम पाच किलोमीटर देते, आणि पेट्रोलही महागातलं लागतं. वर्षाची दुरुस्ती मी गाडीच्या किमतीच्या निम्मी धरली. हिशोबात आणखी एक ओळ होती, ती आपल्यासारख्यांनाच कळेल. मी वर्क व्हिसावर आहे. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर सामान बांधा. त्या साठ दिवसांत गाडी विकायची वेळ आली आणि ती सस्पेन्शन टाकून जमिनीला पोट लावून बसली असेल, तर घेणार कोण?

तरी इच्छा जात नाही. तेव्हा मी स्वतःला काही अटी घातल्या आहेत. गाडीच्या किमतीइतकीच रक्कम वेगळी बाजूला हवी, आणि ती साठ दिवसांच्या खर्चाच्या पैशातून काढलेली नको. सर्व्हिसची कागदपत्रं सलग हवीत, रंग कुठलाही चालेल. गाडी रात्रभर उभी करून सकाळी चारही कोपरे मोजायचे. इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः चालू करून कान लावायचा, आणि मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर नमस्कार करून परत यायचं. या गाड्यांची सवय असलेल्या मेकॅनिकला पैसे देऊन तपासून घ्यायची. आतापर्यंत दोन गाड्या बघितल्या, दोन्ही सोडल्या. एक सकाळी पुढच्या डाव्या कोपऱ्यात चांगली दोन बोटं खाली बसली होती. दुसऱ्या गाडीचं मागच्या चार वर्षांचं एकही बिल नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट. ज्या स्पेन किंग यांनी ही गाडी घडवली, त्यांनीच २००४ मध्ये साफ सांगितलं होतं की असल्या गाड्या शहरात, मुलांना शाळेत सोडायला वापरणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. ते २०१० मध्ये गेले. मी तर ती चक्क ऑफिसच्या पार्किंगमध्ये नेणार! त्यांना यावर द्यायला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. हौस आहे, एवढंच. आणि हौसेला मोल नसतं असं म्हणतात ते अर्धंच खरं आहे. मोल असतं, फक्त ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ते आधी मोजून मग हौस करायची असं ठरवलंय.

तुमच्यापैकी कोणी हा हत्ती दारात बांधला असेल तर चाऱ्याचा खरा हिशोब जरूर कळवा. येत्या शनिवारी तिसरी गाडी बघायला जातोय.