ओढीचा हिशेब

पाया खचेल, ही धास्ती फार जुनी; तो उपटला जाईल, ही त्यामानाने नवी. ती वाढली विजेच्या तारांबरोबर. उंच टॉवरवर वारा आदळला की एका बाजूचे पाय जमिनीत दबतात, दुसऱ्या बाजूचे वर ओढले जातात. सुरुवातीचा ठोकताळा सोपा होता: मुळा उपटताना माती बरोबर येते, तसा पायाभोवतीच्या मातीचा उलटा शंकू उठेल असे धरायचे आणि त्याचे वजन काढायचे.

1961 मध्ये हंगेरीच्या बल्ला यांनी माती फाटते ती रेषा वर्तुळाकार कमानीची मानली. 1968 मध्ये मेयरहॉफ आणि अ‍ॅडम्स यांनी कॅनडात हिशेब सोपा करून उभी फाट धरली. 1986 मध्ये चट्टोपाध्याय आणि पिसे यांनी वाळूतल्या पाइलसाठी, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या पायाच्या खांबासाठी, पुन्हा वक्र पृष्ठभाग मांडला.

जपानमध्ये हाच प्रश्न भूकंपाने अधिक धारदार केला. पूल हेलकावला की पाइलच्या एका रांगेवर दाब येतो, समोरच्या रांगेवर ओढ. महामार्ग-पुलांच्या जपानी संहितेमागे पाइलच्या भारचाचण्यांचे मोठे काम आहे, आणि 1979 मध्ये त्सुकुबाच्या विज्ञाननगरीत आलेली सार्वजनिक बांधकाम संशोधन संस्था त्या कामातले ठळक नाव. या संहितेत बरीच वर्षे दाबाच्या अंतिम क्षमतेला नेहमीच्या भारासाठी 3 ने आणि भूकंपात 2 ने भागत. ओढीच्या क्षमतेला 6 ने आणि 3 ने. पाइलचे स्वतःचे वजन मात्र न भागता पूर्ण मिळवत.

ओढीवर एवढा अविश्वास का? दाबात बाजूचे घर्षण हरले तरी बुडाखालची जमीन झेलते. ओढीत बुडाचा आधार नाही, घर्षण सुटले की मागे कोणी नाही. शिवाय ताणला गेलेला पाइल किंचित बारीक होतो आणि मातीची पकड आणखी सैलावते. आपल्याकडे भारतीय मानक 2911 मध्ये ओढून पाहण्याच्या चाचणीचे नियम आहेत: पाइल 12 मिमी वर सरकेल त्या भाराचे दोन-तृतीयांश किंवा आलेख स्पष्ट मोडेल त्या भाराचा निम्मा, यांपैकी कमी तो सुरक्षित.

1995 च्या कोबे भूकंपानंतर, जपानी संहितेच्या 1996 च्या आवृत्तीपासून, महाभूकंपाच्या तपासणीत ओढीची मर्यादा भागाकाराविना घेतली जाऊ लागली. तिथे विचारायचे असते ते वेगळेच: ओढीची रांग मर्यादेला पोहोचल्यावर उरलेला पाया किती तग धरेल? 2017 मध्ये संहितेने आंशिक गुणक, म्हणजे प्रत्येक शंकेसाठी वेगळा गुणक, स्वीकारले आणि एकाच भाजकात सगळी शंका कोंबण्याची जुनी पद्धत मागे पडली.