वर्गणीदार आणि सल्लागार : ब्रिटिश दवाखान्यांतील रुग्णांचे स्थान

ब्रिटनमधील स्थानिक डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या कारभारात रुग्णांचा शिरकाव १९७२ च्या सुमारास झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. परंतु दक्षिण वेल्समधील कोळसाखाणींच्या खोऱ्यांचा इतिहास पाहता हा आरंभ बराच मागे न्यावा लागतो. ट्रेडेगर या लोखंड व कोळशावर उभ्या राहिलेल्या गावात १८९० मध्ये कामगारांची वैद्यकीय साहाय्य संस्था स्थापन झाली. सभासदांच्या मजुरीतून दर पौंडामागे तीन पेन्स, म्हणजे तेव्हाच्या २४० पेन्सच्या पौंडाच्या हिशेबाने सव्वा टक्का, वर्गणी कापली जाई आणि त्या निधीतून संस्था डॉक्टर पगारावर नेमून सभासदांवर व त्यांच्या कुटुंबीयांवर उपचार करवून घेई. डॉक्टरांची नेमणूक कामगारांच्या समितीच्या हाती होती, त्यामुळे येथे रुग्ण हाच मालक होता, आणि हीच गोष्ट अनेक डॉक्टरांना सलत असे. १९२० च्या दशकात येथे नोकरी केलेल्या ए. जे. क्रोनिन यांनी त्या अनुभवावर ‘द सिटॅडेल’ (१९३७) ही कादंबरी रचली. विजय आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ हा हिंदी चित्रपट तिच्यावरच बेतलेला आहे.

याच गावचे अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना, ५ जुलै १९४८ रोजी, राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार सर्वांना विनाशुल्क मिळू लागले, ही उपलब्धी निर्विवाद मोठी होती. मात्र डॉक्टर संघटनांच्या विरोधामुळे कुटुंबवैद्य सरकारचे पगारी नोकर न होता शासनाशी करार करणारे स्वतंत्र व्यावसायिक राहिले, आणि वर्गणीबरोबर वर्गणीदाराचा अधिकारही गेला.

१९७२ च्या सुमारास ऑक्सफर्डशायरमधील बेरिन्सफील्ड येथे डॉ. पीटर प्रिचर्ड यांनी, तसेच ब्रिस्टल व वेल्समधील ॲबरडेअर येथील डॉक्टरांनी ‘रुग्ण सहभाग गट’, म्हणजे दवाखान्याच्या सोयी-गैरसोयींवर डॉक्टरांशी नियमित चर्चा करणारी रुग्णांची मंडळे, सुरू केली. ॲबरडेअर हेही खाणकामगारांचेच गाव असले, तरी येथे पुढाकार डॉक्टरांचा होता, आणि हा फरक किरकोळ मानता येणार नाही; कारण समिती डॉक्टरच्या आमंत्रणावरून जमली की तिच्या बोलण्याची मर्यादाही बहुधा त्याच्याच सौजन्याने ठरते. तरीही भेटीच्या वेळा, औषधचिठ्ठ्यांची व्यवस्था, वृद्धांची ने-आण अशा, डॉक्टरला खुर्चीतून न दिसणाऱ्या बाबींत या गटांनी उपयुक्त काम केले. १९७८ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि एप्रिल २०१५ पासून इंग्लंडमध्ये असा गट चालवणे दवाखान्यांच्या कराराचाच भाग बनले. डॉक्टर नेमण्याचा किंवा काढण्याचा अधिकार मात्र या गटांना देण्यात आलेला नाही.